कानातला आवाज, पाठीवरची नजर

नाटक म्हटले की रंगमंच, पडदा आणि समोर बसलेला प्रेक्षक आपल्याला आठवतो. नभोनाट्याने पडदा काढला. तरी श्रोता घरातच राहिला. 'रिमिनी प्रोटोकोल' या जर्मन नाट्यसंस्थेने 2005 साली 'कॉल कटा' या प्रयोगात त्याला रस्त्यावर आणले. प्रेक्षकाच्या हाती मोबाइल दिला जाई आणि कोलकात्याच्या कॉल सेंटरमधला कर्मचारी त्याला वाट सांगे. आधी कोलकात्याच्या हातीबागानमधले प्रेक्षक असे चालले, मग बर्लिनमधले.

बर्लिनच्या प्रयोगात खरी मेख आहे. वाट सांगणारा हजारो मैल दूर असतो. पुढ्यातल्या कागदावरूनच तो 'आता डावीकडे वळा' म्हणतो. चालणाऱ्याला मात्र आपण कुणाला तरी दिसत आहोत असे वाटू लागते आणि तो निमूट ऐकतो. पाळतीचे बळ डोळ्यात नसते, 'कुणीतरी पाहते आहे' या समजुतीत असते, हे या नाटकाने नेमके पकडले आहे.

सोनईच्या वाचकांना हे नवे नाही. शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची रीत आहे. देव पाहतो ही श्रद्धाच तिथली राखण. तरी 2015 साली तेथेही पोलीस ठाणे आले. मुंबईत 2008 च्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या कॅमेऱ्यांचे जाळे ठरले आणि 2016 पर्यंत चार हजारांवर कॅमेरे लागले. श्रद्धेतली नजर सर्वांवर सारखीच असते. कॅमेराही सर्वांना टिपतो, पण हटकायचे कुणाला, हे त्यामागचा माणूस ठरवतो.

इथेच हा प्रयोग आम्हांस तोकडा वाटतो. त्याचा प्रेक्षक निर्धास्त आहे. फोन कानाला लावून इमारती न्याहाळणारा दाढी-टोपीतला तरुण स्टेशनाबाहेर उभा राहिला, तर लोक त्याला नाटकाचा प्रेक्षक समजतील काय? मालेगावच्या 2006 च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम आरोपींना न्यायालयाने 2016 साली दोषमुक्त केले. मधली दहा वर्षे कुणी परत केली नाहीत. तिकीट काढलेला प्रेक्षक फोन ठेवून घरी जाऊ शकतो, संशयिताला ती सोय नाही.

मराठीत असे नाटक जरूर व्हावे. मात्र ते लिहिणाऱ्याने कानात आवाज कुणाचा, याआधी रस्त्यावर चालणारा कोण, हे ठरवावे.