न टोचलेलं पान

घरी मुक्कामाचं पाल शिवायला घेणाऱ्यानं कापडबाजारात जाण्याआधी एखादं इरलं मिळवावं आणि ते उलटं करून आतून पाहावं. अलिबागजवळच्या थळच्या आसपासच काय, सगळ्या कोकणात भातलावणीच्या दिवसांत खाचरात वाकलेली माणसं दिसत नसत, इरलीच दिसत. तो काळ फार जुना नाही. आता त्यांची जागा रेनकोटांनी आणि प्लॅस्टिकनं घेतली आहे. पण थोडक्या वजनात पावसाला आडोसा कसा करावा, या विषयात आपल्याकडे इरल्याइतकी नेटकी रचना मला दुसरी दिसत नाही.

बाहेरून ते साधंच. डोक्यापासून पार पाठीखाली येणारी, उपड्या होडीच्या तुकड्यासारखी खोलगट चीज. आतून पाहिलं की मांडणी कळते. बांबूच्या पातळ कामट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांच्या मधोमध पळसाची पानं दाबून बसवलेली. वरचं पान खालच्या पानावर चढलेलं असतं, म्हणून ओघळ आत न शिरता खालीच सरकतो. कडेला दोन्ही जाळ्या आवळून टाकल्या की काम झालं. पाणी अडवणारं पान कुठं शिवायचं नाही, की ताणायचं नाही. वारा आला, कुणी ओढलं, काही टेकलं, तरी तो भार बांबू घेतो. पानाकडे एकच काम, आणि ते पानाला जन्मतः येतं. मला इरल्याचं सगळं सौंदर्य या वाटणीत दिसतं.

दुसरी गोष्ट त्याच्या आकारात आहे. पाठ आणि पान यांच्यामध्ये हवा खेळायला जागा राहते. रेनकोटात माणूस पावसानं नाही तर घामानं भिजतो. इरल्यात तसं होत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, रोप लावता येतं. आणि पुढून? पुढून काहीच नाही. गुडघाभर चिखलात उभ्या बाईला पुढून कोरडं ठेवायचा हट्ट इरलं धरत नाही, म्हणूनच ते दिवसभर पाठीवर पेलवतं. अमेरिकेत १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड या आजीबाई एकट्यानं आख्खी अ‍ॅपलाचियन ही लांबलचक डोंगरवाट चालून गेल्या. सोबत घरी शिवलेली जाड्याभरड्या कापडाची पिशवी, एक घोंगडं आणि आडोशाला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. काय झाकायचं नाही हे त्यांनीही असंच आधी ठरवलेलं असणार.

हेच डोळे घेऊन आता कापडाकडे यावं. घरी पाल शिवणारे परदेशी लोक बरीच वर्षं सिलिकॉन चढवलेल्या पातळ नायलॉनला मान देत आले. बळकट आहे, मुठीत मावतं. पण नायलॉन पाणी पितं आणि पिऊन ढिलं पडतं. संध्याकाळी तणावून बांधलेलं पाल मध्यरात्री पोट सोडतं आणि त्या पोटात पाणी साचतं. थळला, जिथं आषाढात हवाच ओली असते, तिथं हा दोष मोठा. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही, उन्हालाही जास्त टिकतं. पॉलियुरेथेनचा लेप असलेलं कापड मी या किनाऱ्यासाठी घेणारच नाही. दमट हवेत घडी घालून ठेवलं की काही वर्षांत लेप चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. सिलिकॉनचा लेप असा कुजत नाही.

तितक्याच जाडीचं पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा थोडं कमी ताकदीचं, हे खरं. इथं इरलं पुन्हा मदतीला येतं. ताण कापडाला देऊच नये. दोन सुरूंच्या मध्ये आधी दोरी ताणावी आणि पाल तिच्यावर नुसतं घालावं. मग कापडाला पानाचंच काम उरतं. शिवण मात्र टळत नाही, आणि प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. म्हणून जोड दुहेरी दुमडीचा, सुई बारीक, दोरा पॉलिएस्टरचा. वरून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं सिलिकॉन ब्रशनं फिरवायचं. कापताना टाचण्या लावू नयेत, चिमटे लावावेत.

दोरीबद्दल कोळीवाड्याइतकं कुणाला कळतं? सुती जाळी होती तोवर ती झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, नाहीतर कुजायची. कृत्रिम धागा आला आणि ते कष्ट सरले. जाळ्याचा पॉलिथिलीनचा धागा हलका, पाण्यावर तरंगणारा, न भिजणारा. फक्त गुळगुळीत असल्यानं गाठ सरकते, एक वेढा जास्त द्यावा लागतो. हलकं आणि इथल्यासाठीच घडवलेलं असण्याचा फायदा होड्यांतही दिसतो. थळसमोर खांदेरी बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी तिथं तटबंदी उभारत असताना इंग्रजांच्या जड जहाजांना चकवून रसद पोचवली ती उथळ पाण्यात चालणाऱ्या हलक्या होड्यांनी. त्या होड्या इथल्याच पाण्यासाठी बांधलेल्या होत्या.

पुळणीवर पालाखाली अंथरायला मी युरियाचं पोतं घेईन. थळला आरसीएफचा खतकारखाना १९८५ पासून युरिया बनवतो आहे आणि या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ कोकणात इरल्याची वारस ठरली. उसवून सपाट केलेलं पोतं वाळूवर उत्तम बसतं. वाळूत पाणी साचत नाही, त्यामुळे अंथरुणाला फक्त ओल आणि कण दूर ठेवायचे असतात. पण पोतं आधी गोड्या पाण्यात खळखळून धुवायलाच हवं. विणीत उरलेला युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि पाठीखालचं पोतं रात्रभर दमट राहतं. उन्हातही ते पडू देऊ नये. उन्हानं त्याच्या पट्ट्यांचा भुगा होतो आणि तो भुगा पुळणीतून वेचून काढता येत नाही.