प्रमाण नजर : किनारा, बोली आणि स्वतंत्र मराठी चित्रपट

मराठीतील प्रादेशिक कादंबरीची चर्चा परिसर, निसर्ग आणि मानवी स्वभाव यांच्या परस्परसंबंधांवर बराच काळ खिळून राहिली. वरवर तांत्रिक वाटणारा, परंतु मुळात नैतिक असलेला एक प्रश्न मात्र तिने पुरेशा गांभीर्याने हाताळला नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) मध्ये माणसे बोलू लागली की कोकण ऐकू येते. निवेदक बोलू लागला की आपण पुन्हा प्रमाण मराठीत परततो. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणात, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागची श्रेणीव्यवस्था सहसा जाणवत नाही. या वाटणीत बोली ही पाहिली जाणारी गोष्ट ठरते आणि प्रमाण भाषा हे पाहण्याचे साधन. आनंद यादव यांनी 'गोतावळा' (१९७१) मध्ये नारबालाच निवेदक केले आणि कागल परिसराच्या बोलीला सबंध कादंबरी वाहून नेण्याचा अधिकार दिला, तेव्हा ही श्रेणी निदान एका ठिकाणी मोडली. किनाऱ्याच्या वाट्याला असा 'गोतावळा' आला का, हा प्रश्न प्रस्तुत लेखामागे आहे. फरक एवढाच की तो येथे कादंबरीला न विचारता चित्रपटाला विचारायचा आहे.

हे माध्यमांतर निष्कारण नाही. चित्रपटाला निवेदकाचे गद्य नसते. पेंडशांना जी अडचण प्रत्येक परिच्छेदात होती ती दिग्दर्शकाला तत्त्वतः नाही. पात्रे बोलतात, उरलेले कॅमेरा दाखवतो. तेव्हा बोलीची खरी मुक्ती पडद्यावरच व्हायला हवी होती. ती तशी झालेली दिसत नाही. प्रमाण निवेदकाची रिकामी झालेली जागा कॅमेऱ्याने घेतली, आणि त्या कॅमेऱ्याला स्वतःची एक घडलेली, शिकलेली, सर्वमान्य अशी नजर आहे. तिला 'प्रमाण नजर' म्हणावे असे मी सुचवतो. प्रमाण भाषेप्रमाणेच तीही स्वतःला तटस्थ समजते.

हा विचार मनात प्रथम आला तो पणजीत. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ साली गोव्यात आला, आणि त्यानंतर काही वर्षांतच विन्सन या संस्थेने मराठी चित्रपटांचा एक छोटा महोत्सव तेथे सुरू केला. कला अकादमी, आयनॉक्स आणि मॅकिनेझ पॅलेस अशा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावरील जागा, मांडवीवरून येणारा पाऊस, आणि मोजके दिवस. मोठ्या महोत्सवाची झगमग येथे नसते. जे प्रेक्षक असतात त्यांतील पुष्कळांना मराठी आणि कोकणी दोन्ही घरच्या असतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने त्या दोहोंचे स्थान कागदावर वेगवेगळे ठरवले असले तरी कानाला ते वेगळेपण फार जाणवत नाही. पुण्यामुंबईच्या प्रेक्षागृहांत कोकणी वळणाच्या संवादावरचे हसू पुष्कळदा इंग्रजी उपशीर्षक वाचून झाल्यावर येते. पणजीत ते उपशीर्षकाच्या आधी आले. ऐकून समजणारा आणि वाचून समजणारा प्रेक्षक यांतील हा क्षणाचा फरक मला अनेक सैद्धांतिक ग्रंथांपेक्षा अधिक बोलका वाटला. (येथे ज्या चित्रपटांचा विचार केला आहे ते सगळे मी एकाच महोत्सवात पाहिलेले नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.)

राजारामपुरीत राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न उपस्थित करावा यात थोडी विसंगती आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मराठी चित्रपटाने बोलीची जी श्रेणी रचली तीत कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२० चा 'सैरंध्री', नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील १९२५ चा 'सावकारी पाश', १९२९ साली येथेच स्थापन झालेली 'प्रभात', पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. मात्र या परंपरेचा एक परिणाम असा झाला की कोल्हापूर-सातारा पट्ट्यातील बोलण्याची लकब हीच मराठी पडद्यावरची 'ग्रामीण' भाषा ठरली. तमाशापटांनी ती आणखी पक्की केली. गाव विदर्भातले असो की खानदेशातले, पाटील बोलणार तो आमच्याकडचे. म्हणजे प्रमाणाखालोखाल आणखी एक प्रमाण तयार झाले. किनाऱ्यावरच्या बोलींना यात जागा मिळाली ती बहुतेक विनोदाची. १९८० साली रंगमंचावर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'ने मालवणीला अफाट प्रेक्षक मिळवून दिला, मच्छिंद्र कांबळी यांनी ती भाषा सर्वतोमुखी केली. परंतु त्या यशाने मालवणी म्हणजे हशा हे समीकरणही घट्ट केले. एखादी बोली फक्त हसवण्यासाठी मोकळी असेल तर ती मोकळी आहे असे म्हणता येत नाही.

खानोलकरांच्या 'कोंडुरा'चे (१९६६) उदाहरण या संदर्भात बोलके आहे. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली त्यावर हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत चित्रपट केला. समुद्र राहिला, श्रद्धेचे भय राहिले, कादंबरीचा सांगाडाही राहिला. ज्या बोलण्याच्या लयीतून ते भय निर्माण झाले होते ती लय मात्र राहू शकली नाही. किनारा भाषेपासून वेगळा करून उचलून नेता येतो असा विश्वास तेव्हापासून दृढ झाला असावा.

आता अलीकडच्या स्वतंत्र चित्रपटांकडे वळू. 'स्वतंत्र' हा शब्द आपण निर्मितीच्या अर्थव्यवस्थेपुरता वापरतो: मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पैशावाचून, ताऱ्यांवाचून केलेला चित्रपट. नजरेचे स्वातंत्र्य ही त्याहून वेगळी बाब आहे आणि पहिल्यातून दुसरी आपोआप येत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' (२०१६) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा, संयत आणि सहृदय चित्रपट आहे. नैराश्याने ग्रासलेला, आत्महत्येच्या कडेला आलेला तरुण, त्याला किनाऱ्यावरच्या घरी घेऊन येणारी जानकी, आणि तेथे कासवांच्या संवर्धनात गुंतलेले दत्ताभाऊ. अंडी घालून समुद्रात परतणारी मादी आणि तिच्यावाचून जगायला शिकणारी पिल्ले हे रूपक चित्रपट जपून वापरतो. मानसिक आजाराविषयी मराठी पडद्याने इतक्या समंजसपणे क्वचितच बोलले आहे, हे मान्य करूनच पुढचे म्हणणे मांडतो. येथे किनारा ही उपचाराची जागा आहे. शहरात मोडलेली माणसे तेथे येतात, बरी होतात. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम रत्नागिरी जिल्ह्यातील वेळाससारख्या गावांत चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभे केले. घरटी शोधायला भल्या पहाटे वाळूवर चालणे, अंडी हलवून कुंपणात पुरणे, कोल्ह्याकुत्र्यांपासून त्यांची राखण, हे सगळे स्थानिक माणसांच्या दिनक्रमातून घडते. चित्रपटात ही माणसे आहेत, पण त्यांचे आंतरिक जीवन नाही; ते जानकी आणि मानव यांच्यासाठी राखून ठेवले आहे. सिंधुदुर्गातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने चित्रपट पाहून झाल्यावर एवढेच म्हटले, 'समुद्र आमचो, डोळे पुण्याचे.' मला जे सांगायला इतके परिच्छेद लागले ते त्याने चार शब्दांत सांगितले. या विधानात थोडा अन्याय आहे, कारण चित्रपटाची प्रतिज्ञा कोकण दाखवण्याची नाहीच. पण रूपकासाठी उसना घेतलेला प्रदेशही कुणाचा तरी प्रदेश असतो.

अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्ये (२०१४) हीच रचना आहे आणि तरीही परिणाम वेगळा आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर, आईची बदली झाल्यामुळे पुण्याहून कोकणातल्या छोट्या गावी आलेला अकरा वर्षांचा चिन्मय हा सरळसरळ आगंतुक आहे. बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांनी दिलेले स्फटिक अस्वल आणि पुढे मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक यांमुळे या चित्रपटाच्या दृश्यसौंदर्याची पुष्कळ वाखाणणी झाली. दिग्दर्शक स्वतः छायालेखक असल्याने ते स्वाभाविकही होते. माझ्या मते त्याची ताकद त्या सौंदर्याविषयी संशय उत्पन्न करण्यात आहे. पावसात ओथंबलेला किल्ला आपल्याला देखणा वाटतो, आणि त्याच किल्ल्यात मित्र चिन्मयला एकटा टाकून निघून जातात. त्या क्षणी देखणेपणा भीतीत बदलतो. चिन्मयला वाटते आपला विश्वासघात झाला. पोरांच्या लेखी ती साधी फजिती असते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि कॅमेरा चिन्मयच्या बाजूला असूनही त्याचे चुकते आहे हे आपल्याला कळत राहते. बंड्याच्या तोंडची भाषा येथे निर्णायक ठरते. ती हसवते, पण केवळ हसवण्यासाठी नाही. गावात कोण आत आहे आणि कोण बाहेर याचा पहारा ती करते. चिन्मय तिच्यात शिरण्याचा प्रयत्न करतो, थोडासा शिरतो, आणि तेवढ्यात आईची पुन्हा बदली होते. प्रमाण नजर येथे आहेच. पण ती मुलाची आहे, अपुरी आहे, आणि आपल्या अपुरेपणाची तिला जाणीव आहे. कथनमीमांसेच्या भाषेत बोलायचे तर हा अविश्वसनीय निवेदकाचा कॅमेऱ्याने केलेला अवलंब आहे.

लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा 'पलतडचो मुनिस' (२००९) कोकणी आहे, आणि समुद्रापेक्षा सह्याद्रीच्या रानात घडतो, म्हणून तो या चर्चेच्या काठावर येतो. महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' या कादंबरीवरील हा चित्रपट टोरोंटोला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक घेऊन आला. एकाकी विधुर वनरक्षक आणि त्याने आसरा दिलेली वेडसर स्त्री यांच्या नात्यात भाषेला फारशी जागाच नाही. ती बोलतच नाही म्हटले तरी चालेल. भाषा आहे ती गावाकडे, आणि गाव ती न्यायनिवाड्यासाठी वापरते. बोली म्हणजे निरागसता, असे मानणाऱ्या आपल्या ग्रामीण साहित्यविचाराला हा चित्रपट चांगला धक्का देतो. आतल्यांची भाषाही क्रूर असू शकते हे आतूनच सांगितले गेले पाहिजे, आणि येथे ते आतून सांगितले जाते.

संदीप सावंत यांच्या दोन चित्रपटांत तेरा वर्षांचे अंतर आहे. 'नदी वाहते' (२०१७) हा त्यांतला नंतरचा. नदी, तिच्या काठचे गाव, धरणाचे सावट आणि गावातच राहून काही उभे करू पाहणारी माणसे असा त्याचा विषय आहे. येथे बाहेरून कुणी येऊन आपल्याला प्रदेश दाखवत नाही. शेती, पाणी, जमिनीचे व्यवहार यांविषयीचे बोलणे चालू असते आणि प्रेक्षकाने ते कान देऊन ऐकावे अशी अपेक्षा असते. चित्रपट जागोजागी संथ होतो, काही प्रसंगांत चर्चेचे ओझे नाट्याला पेलत नाही, आणि पारितोषिकांच्या बाजारात त्याला 'श्वास'सारखे स्थान मिळाले नाही. हे दोष मान्य करूनही मला तो 'कासव'पेक्षा महत्त्वाचा वाटतो. निसर्ग येथे पाहण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, आणि वापरणारे लोक त्याविषयी आपल्या शब्दांत बोलतात.

'श्वास' (२००४) कडे मी मुद्दाम शेवटी येतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवरील या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मराठीला ते 'श्यामची आई'नंतर प्रथमच मिळत होते, आणि त्या गौरवाच्या भरात त्याची चर्चा प्रामुख्याने भावनेच्या अंगाने झाली. आजोबा आणि नातू ही जोडी हृदयद्रावक आहे हे खरेच. पण चित्रपटाचा कणा भाषिक आहे. परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट मुलाला सांगितली पाहिजे असा डॉक्टर सान्यांचा आग्रह आहे. आजोबांना मुद्दा समजत नाही असे नाही. ती गोष्ट ज्या भाषेत सांगता येईल ती भाषा त्यांच्याजवळ नाही, आणि रुग्णालयाजवळ जी भाषा आहे तिच्यात नातवाशी बोलता येत नाही. समाजसेविका आसावरी या दोहोंमध्ये धावपळ करते, म्हणजे वस्तुतः भाषांतर करते. प्रादेशिक कादंबरीने निवेदन आणि संवाद यांच्यात वाटून टाकलेले अंतर येथे दोन माणसांच्या मधोमध ठेवले आहे आणि त्यावर एका मुलाचा निर्णय अवलंबून आहे. शेवटी आजोबा सांगण्याचा प्रश्न सोडवत नाहीत. शस्त्रक्रियेआधी नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात आणि त्याला शहर दाखवतात. बोलणे जेथे थांबते तेथे पाहणे सुरू होते, पण ते पाहणे संपणारे आहे हे सर्वांना ठाऊक असते.

आणि मग मुलगा गावी परततो. कोकणचे जे हिरवे, ओले रूप आपण चित्रपटभर पाहत आलो आहोत तेच पडद्यावर पुन्हा येते, परंतु ज्याचे ते गाव आहे तो आता ते पाहू शकत नाही. त्याच्यासाठी किनारा म्हणजे आता आवाज, वारा आणि ओळखीच्या माणसांचे बोलणे. त्या दृश्यात प्रमाण नजर फक्त आपल्याजवळ, प्रेक्षकांजवळ, उरते, आणि तिचे काय करायचे हे आपल्याला कळत नाही. पणजीत ते दृश्य चालू असताना माझ्या मागच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मला आधी वाटले त्यांना झोप लागली असावी. पडद्यावर गावातली माणसे बोलू लागली तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसले.