दोन चापांचे रिव्हॉल्व्हर आणि सुरपूरचा राजा

ठासणीच्या रिव्हॉल्व्हरवर लिहिणारे बहुतेक जण एकाच मापाने निवाडा करतात : पुढची गोळी किती लवकर सुटते? हे माप अपुरे आहे, असे मला वाटते. त्यासाठी बर्मिंगहॅमच्या विल्यम ट्रँटरचे १८५३ सालचे दोन चापांचे रिव्हॉल्व्हर पाहावे.

त्याआधी दोन घराणी होती. अमेरिकन कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. नेम चांगला साधे, पण वेळ जाई. रॉबर्ट ॲडम्सने १८५१ मध्ये ते काम चापाकडेच दिले. चाप दाबला की नळकांडे फिरे, घोडा उठे आणि आपटे. वेग आला, पण चाप इतका जड की नेम हाले.

ट्रँटरने सुरुवातीला ॲडम्सच्याच सांगाड्यावर कामाची वाटणी केली. खालचा चाप मधल्या बोटाने ओढायचा. त्याने नळकांडे फिरे आणि घोडा चढे. वरचा हलका चाप तर्जनीने दाबायचा. त्याने गोळी सुटे. सज्ज होणे आणि झाडणे या दोन क्रिया दोन बोटांवर आल्या. घाई असेल तर दोन्ही चाप एकदम ओढता येत.

पुढच्या आवृत्त्यांत बदलत गेला तो मुख्यतः गोळी ठासण्याचा दांडा. आधी तो सुटा होता, मग अडकवता येऊ लागला, मग स्क्रूने कायमचा जोडला गेला. चौथ्या आवृत्तीत दुसरा चापच गेला. तिकडे ब्यूमाँटच्या १८५५ च्या पेटंटने ॲडम्सच्या रिव्हॉल्व्हरलाही अंगठा आणि चाप असे दोन्ही मार्ग दिले होते.

म्हणजे भरणे सोपे झाले, झाडणे सोपे झाले. रिकामे करणे मात्र सोपे झाले नाही. दारू आणि गोळी ठासलेले घर मोकळे करायचे तर बार काढणे हाच सरळ उपाय. केपा उतरवून ठेवता येत, पण मग वेळेला त्या पुन्हा एकेक करून बसवा. साहजिकच हे हत्यार भरलेलेच कमरेला राही, आणि पट्टा उतरला की भरलेलेच खुर्चीवर लटके.

आम्हा सोलापूरकरांना मेडोज टेलर ठाऊक असतो तो शेजारच्या नळदुर्गमुळे. त्याच्या आत्मचरित्रात सुरपूरच्या राजा वेंकटप्पा नायकाचा शेवट आहे. टेलरने त्याला लहानपणापासून सांभाळले होते. राजा त्याला ‘अप्पा’ म्हणे. १८५८ च्या उठावानंतर राजाची फाशी टळली आणि चार वर्षांची कैद उरली. तिकडे नेताना, सोबतच्या गोऱ्या अधिकाऱ्याने पट्टा काढून खुर्चीला लावला होता. त्यातल्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागून राजा गेला.

दोन चाप असते तर तो वाचला असता, असे मी म्हणत नाही. ट्रँटरचे हत्यारही भरलेलेच राही. पण वेगाच्या मापात ही खुर्ची कुठेच बसत नाही. चकमक काही मिनिटांची. उरलेला सारा दिवस हत्यार नुसते टांगलेले असते. त्या वेळात ते कोणाच्या हाती लागेल, याचा विचार या पाच-सहा वर्षांच्या धावपळीत फार थोडा झाला. दुसरा चाप काढून टाकण्याला म्हणूनच मी निखळ सुधारणा म्हणणार नाही. सज्ज होणे आणि झाडणे यांच्यामध्ये ट्रँटरने एका बोटाचे अंतर ठेवले होते. पुढे तेही उरले नाही.