प्रभात फिल्म कंपनी
एक ख्यातनाम मराठी-हिंदी चित्रपटसंस्था. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये कोल्हापूर येथे ती भागीदारीत स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. कुलकर्णी भांडवल पुरविणारे. इतर भागीदार मात्र स्वतःच कसबी कलावंत. ध्वनिमुद्रण दामले पाहत, तर नेपथ्य फत्तेलाल. मालकी व निर्मिती अशी एकाच हाती असल्यानेच संत तुकाराम (१९३६) मधील निगुतीचा साधेपणा शक्य झाला, असे म्हणता येते. पण भागीदारांचा सलोखा हेच खरे भांडवल होते. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. रामशास्त्री (१९४४) त्यानंतरचा. तरीही उतरती कळा थांबली नाही. १९६० मध्ये प्रभातच्या वास्तूत शासकीय चित्रपट-प्रशिक्षण संस्था सुरू झाली.