‘डिग्नितास पर्सोने’ आणि मूलपेशी-संशोधन : एक परीक्षण

मूलपेशी-संशोधनास ख्रिस्तसभेचा विरोध आहे, असे सरसकट म्हटले जाते. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाचे २००८ सालचे ‘डिग्नितास पर्सोने’ हे निर्देशपत्र लक्षपूर्वक वाचल्यास हा समज टिकत नाही. प्रौढ शरीरातून गंभीर इजा न करता, अथवा जन्मसमयी नाळेच्या रक्तातून घेतलेल्या पेशी त्यास मान्य आहेत. निषेध आहे तो पेशींसाठी जिवंत भ्रूण नष्ट करण्याचा.

शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली मानवाच्या सामान्य पेशींना मूलपेशींचे गुण प्राप्त करून दिले, तेव्हा वाद मिटला असे अनेकांस वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. भ्रूणाचा नाश अयोग्य ठरतो तो दुसरा मार्ग सापडला म्हणून नव्हे. तो सापडला नसता तरीही अयोग्यच ठरला असता. निर्देशपत्राचे बळ या तत्त्वनिष्ठेत आहे.

त्याची उणीव अन्यत्र आहे. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारात गोठवून ठेवलेल्या भ्रूणांचे काय करावे? संशोधनार्थ त्यांचा वापर अमान्य. त्यांना दत्तक घेण्याचा हेतू स्तुत्य, परंतु मार्ग अडचणींचा. आणि या अन्यायास वस्तुतः उपाय नाही, अशी कबुली. कबुली प्रामाणिक आहे. पण असे भ्रूण मागे ठेवून आलेले दांपत्य आपल्या दाराशी उभे राहिले, तर त्यास एवढेच सांगून परत पाठवावे काय? येथे निर्देशपत्राचा आधार अपुरा पडतो. म्हणून धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी हा विषय विवाहपूर्व शिक्षणातच घ्यावा. आणि जे उशिरा येतील त्यांचे आधी ऐकून घ्यावे, निवाडा मागाहून.