वर, अट आणि देवांची फौज

2024 साली 'मुंज्या' चालला, पाठोपाठ 'स्त्री 2' त्याहून जोरात चालला, आणि हिंदी भयपटाला एक नवी सवय जडली. 'स्त्री 2'मधल्या सरकट्या भुताशी झुंज ऐन रंगात आली की दुसऱ्या चित्रपटातला भेडिया धावून येतो. थिएटरात शिट्ट्या पडतात. मला त्याच क्षणी चीड येते. भुताशी कुणी काय व्यवहार केला, त्याचं देणं कुणाच्या माथी आलं, हा सगळा हिशेब बाजूला राहतो आणि मारामारी सुरू होते.

'मुंज्या'चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांचं जास्त वाईट वाटतं, कारण त्यांच्या हाती अस्सल ऐवज होता. गोट्या नावाचा कोकणातला पोर एका मुलीपायी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, त्यातच मरतो आणि मुंज्या होऊन पिंपळाला खिळतो. पुढे त्या बहिणीचा नातू त्याच्या तावडीत सापडतो. आजीच्या वाट्याचं भय नातवाने भोगायचं, ही गोष्ट आपल्या घराघरांत ऐकलेली आहे. पण चित्रपट संपता संपता पुन्हा भेडिया येतो, आणि मुंज्या एका मोठ्या मालिकेतला एक हप्ता होऊन बसतो.

मराठीला अशी धावून येणारी फौज नवी नाही. नारायण धारपांच्या समर्थकथांत अप्पा जोशींसारखे साथीदार घेऊन अघोरी शक्तींशी लढणारा नायक कधीचा आहे. धारपांच्या उत्तम गोष्टी मात्र मला वाटतं समर्थ पोचायच्या आधीच्या पानांत असतात, जिथे कुणीतरी साधा माणूस हावेपोटी नको ते दार उघडतो. 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूलाही मंत्रासोबत अट चिकटलेली होती, म्हणून तो अजून आठवतो. विंदा करंदीकरांनी सैतानाशी सौदा करणारा 'फाउस्ट' मराठीत आणला; त्याचा आपल्या पडद्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' मात्र वेगळ्या मातीचा. 2018 साली तो फारसा चालला नाही. 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. प्रेक्षकाला काय हवं असतं याचा यापेक्षा वेगळा पुरावा मी देणार नाही. त्यातला हस्तर हा देवीचा हावरा मुलगा. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. आईने त्याला वाचवलं ते त्याची कधी पूजा होणार नाही या अटीवर. चित्रपटाचा नायक विनायक दोरावरून त्या देवीच्या गर्भात उतरतो, पिठाची बाहुली टाकतो, हस्तर तिच्यावर तुटून पडतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडायच्या. सगळा सौदा एका बाहुलीच्या मापाचा आहे. जास्त हाव धरून बाप-लेक बाहुल्या वाढवतात, तेव्हा हस्तरही तितकेच होतात. सोडवायला कुणी येत नाही. शेवटी मुलगा पांडुरंग बापाने पुढे केलेला लंगोट नाकारतो आणि बापाला पेटवतो, तेव्हा कुठे देणं संपतं.

हे शास्त्र आमच्या धाराशिवच्या माणसाला कुणी शिकवायला नको. तुळजापूरच्या देवीची मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनी आहे. महिषासुराची कथा आठवा. त्याने वर मागितला, पुरुषाच्या हातून मरण नको. बाईला त्याने मोजलंच नाही. त्याच्या मरणाची वाट त्याच्याच शब्दाने उघडी ठेवली. देवांची फौज हरली, पण नंतर देव पुन्हा रांगेने लढायला उभे राहिले नाहीत. प्रत्येकाने आपलं तेज दिलं, शंकराने त्रिशूळ, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र, आणि त्यातून एकच देवी उभी राहिली. वर कुणी मोडला नाही. तो अक्षरशः पाळूनच असुर मारला.

गोंधळात तर ही गोष्ट दर लग्नसराईत अंगणात घडते. पाटावर धान्याचा चौक, कलश, वर ज्वारीच्या ताटांचा मांडव, पेटलेली दिवटी. गळ्यात कवड्यांची माळ घातलेला नाईक संबळाच्या ठेक्यावर एकेक देव नावानिशी बोलावतो: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, मग गावदेव, मग घरचे मूळपुरुष. एवढी मोठी फौज कुठल्या स्टुडिओने जमवलेली नाही. पण ती लढायला येत नाही. घरात नवस बोललेला असतो, पोर झालेलं असतं, लग्न पार पडलेलं असतं. आता कबूल केलेलं फेडायचं असतं. देव त्या फेडीला साक्षी बसतात.

आमचे चित्रपटवाले मात्र तिथून फक्त संबळ उचलतात आणि नाचाचं गाणं करतात. संतोष डावखर यांचा 'गोंधळ' हा अपवाद, आणि 2025 च्या इफ्फीत त्यांना दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला याचा आनंद आहे; पण त्यांनी त्या रात्रीत माणसांचा घात पाहिला, देवाचा व्यवहार नाही. ते काम अजून कुणी केलेलं नाही.

लोकांना टाळ्या वाजवायला नायक लागतो, असं निर्माते सांगतील. 'तुंबाड'ने हे खोटं ठरवलं आहे. लेखकांना विनंती नाही, मागणी आहे: पुढचा भयपट लिहिण्याआधी एक अख्खा गोंधळ आरतीपर्यंत बसून ऐका, आणि अतिमानवी फौज आणायचीच असेल तर तिला नायकाचं कर्ज माफ करू देऊ नका. त्याने घेतलंय, त्यानेच फेडावं.