सोपी म्हणून शिकवलेली भाषा

संगणकाच्या क्रमिक पुस्तकांत एस.क्यू.एल.ची ओळख बहुधा एकाच विधानाने होते: ही भाषा इंग्रजीसारखी असल्याने प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही ती सहज शिकता येते. या विधानाशी आमचे भांडण आहे. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

बेसिक किंवा सी या भाषांत संगणकाला प्रत्येक कृती पायरीपायरीने सांगावी लागते. एस.क्यू.एल.मध्ये काय हवे त्याचे वर्णन करायचे. ते कसे शोधायचे हे यंत्र ठरवते. अशा भाषांना डिक्लरेटिव्ह म्हणतात, आपण त्यांना वर्णनपर म्हणू. आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली ही भाषा मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हिशेबनीस, अभियंते, नगररचनाकार होते. फिलिस राइझनर यांच्यासह त्यांनी ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासूनही पाहिली. प्रोग्रॅमिंग येणारे आणि न येणारे, दोन्ही गट ती शिकले. पण येणाऱ्यांची उत्तरे अधिक बरोबर आली. पुस्तके हा दुसरा भाग गाळतात.

'इंग्रजीसारखी' ही शिफारस तरी अमरावती-अकोल्याच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या काय कामाची? गंमत अशी, की त्याची मराठीच येथे अधिक उपयोगी आहे. 'गावांच्या यादीतून दर्यापूर तालुक्यातल्या गावांची नावे दे.' आधी यादी, मग अट, शेवटी क्रियापद. एस.क्यू.एल.मध्ये आपण सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर असे लिहितो. अर्थ मात्र फ्रॉम, व्हेअर, सिलेक्ट या क्रमाने लावायचा असतो. म्हणजे मराठी वाक्याच्याच क्रमाने! एवढे फळ्यावर दाखवले तरी अर्धी भीती जाते.

खरी चढण पुढे आहे. फळ्यावर एक तक्ता मांडा: एका स्तंभात गाव, दुसऱ्यात पीक. अकोट तालुक्यातल्या एका गावात कपाशी आणि तूर दोन्ही असतील, तर त्या गावाच्या दोन ओळी येतील. आता विचारा, कपाशी नसलेली गावे कोणती? नवखा विद्यार्थी 'पीक कपाशी नाही' अशी अट घालतो. आपले गाव तुरीच्या ओळीमुळे उत्तरात येऊन बसते! वाक्य वाचायला निर्दोष आहे, यंत्र चूक दाखवत नाही, आणि विद्यार्थी समाधानाने पुढे जातो. नवख्याची अडचण ही अशी आहे: त्याला चूक दिसतच नाही.

सी शिकून आलेल्याचे दुखणे वेगळे. त्याला पहिली ओळ घ्यायची असते, तपासायची असते, मग दुसरी. असे फेरे येथे लिहायचे नसतात हे पचायलाच त्याचे काही आठवडे जातात. मात्र उत्तर पडताळून पाहण्याची सवय त्याला असते, म्हणून तुरीची ओळ तो पकडतो.

दोघांनाही जे हवे ते गणिताच्या शिक्षकांकडे आहे: संच. आधी कपाशीच्या गावांचा संच करा, मग सर्व गावांतून तो वजा करा. संगणकाच्या तासाला हा धडा क्वचितच आठवतो. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकदा तरी एकत्र बसावे असे आम्हांस वाटते.

तरीही एक खाचखळगा उरतोच. कपाशीच्या यादीतल्या एखाद्या ओळीत गावाचे नाव भरायचे राहून गेले, तर 'नॉट इन' वापरून केलेली वजाबाकी एकही गाव देत नाही. ते रिकामे घर कोणत्याही गावाचे असू शकते. म्हणून अमुक गाव यादीत नाहीच, असे यंत्र कोणाबद्दलही म्हणू शकत नाही. खरे आणि खोटे यांच्या जोडीला 'अज्ञात' असे तिसरे मूल्य येथे येते, आणि त्यापुढे सी येणारा व न येणारा दोघेही सारखेच गोंधळतात.